गेम म्हातारे झाले की आपण? आणि बारा वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक द्यावी का?

निपाणीच्या एका भाऊंनी प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. पुण्याचा मेहुणा आपला जुना पीएस-४, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, देतोय, सोबत गेमच्या तीन डिस्क. जीटीए-५, २०१८ चा गॉड ऑफ वॉर आणि एक कॉल ऑफ ड्यूटी. वहिनींचं म्हणणं, असली काटाकाटी घरात नको. भाऊ म्हणतात, मी अकरावी-बारावीत व्हाइस सिटीवर, म्हणजे जीटीएच्याच एका जुन्या भागावर, पडीक असायचो, माझं काय वाईट झालं? आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकलीय: "हल्ली मलाच या मालिकांचे नवे भाग तासाभरापुढे खेळवत नाहीत. गेम म्हातारे झाले की मी?"

भाऊ, मुलाचा प्रश्न तुम्ही ऐसपैस लिहिलाय आणि स्वतःचा शेपटासारखा मागे जोडलाय. मला विचाराल तर दोन्ही एकाच गाठीचे आहेत आणि गाठीचं टोक त्या शेवटच्या ओळीत आहे. म्हणून मी तिथूनच सोडवत येतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. बेळगावात मी २००३ पासून दहाएक वर्षं सायबर कॅफे चालवला. समोरच्या खोलीत नेट आणि झेरॉक्स, मागच्या खोलीत सहा मशीन फक्त गेमची. आता कॉम्प्युटर आणि कन्सोल दुरुस्त करतो. वय ४७. अजून खेळतो, घरात सगळे झोपले की. मी मानसोपचाराचा डॉक्टर नाही. पोरं खेळत असताना त्यांच्या पाठीमागे उभं राहून दहा वर्षं बघत आलो, एवढीच माझी पदवी.

मागच्या खोलीत काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक असेलच. निपाणीतही त्या काळात असे कॅफे होतेच की. एमएक्स ४४० चं ग्राफिक्स कार्ड, जाडजूड मॉनिटर, तासाला वीस रुपये. लाईट गेली की यूपीएस कोकलायला लागायचा आणि सहाही पोरं एका सुरात "अण्णाऽऽ" म्हणून ओरडायची. काउंटर-स्ट्राइक १.६ या बंदुकांच्या गेमवर तीन-तीनच्या टीम. एका टीममध्ये कन्नड पोरं जास्त, एकात मराठी जास्त, पण पक्की वाटणी कधीच नाही, कारण ज्याचा नेम चांगला तो आपल्या बाजूला हवा असायचा. त्यामुळे आरडाओरड मिश्र. "होडी होडी!" ही आमच्याकडची ठरलेली आरोळी. कन्नडमध्ये होडी म्हणजे मार. पुण्याहून इंजिनिअरिंगला आलेला एक नवा पोरगा पहिल्या दिवशी खरोखरच बुचकळ्यात पडला. डस्ट-२ चा तो सगळा वाळवंटी मॅप, आणि हे लोक होडी कुठं बघतायत?

त्या खोलीत रोज किती मुडदे पडत असतील त्याचा हिशेब नाही. पण मागून बघणाऱ्या माणसाला मुडदे दिसायचेच नाहीत. कोण कुणाला आडोसा देतोय, कोण हरल्यावर चिडतोय, कोण दुसऱ्याच्या स्क्रीनवर डोकावून चोरटेपणा करतोय, हे दिसायचं. एकदा शहरात बंद होता. सीमाप्रश्नावरून नेहमीचं वातावरण. मी शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि आत सहा जण बसले होते. बाहेर बसची काच फुटल्याचा आवाज आला, तशी सहाही पोरं एकदम गप्प झाली. स्क्रीनवर गोळ्या चालूच होत्या, पण कुणाचा हात कीबोर्डवर नव्हता. खरं आणि खोटं यातला फरक त्या पोरांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती याच्या उलट्या टोकाची. दहा वर्षांत माझ्या कॅफेत रक्त सांडलं ते एकदाच. आणि ते व्हाइस सिटीवरून नव्हे, काउंटर-स्ट्राइकवरूनही नव्हे. क्रिकेट ०७ वरून! दोन मावसभाऊ खेळत होते. एक बॅटिंगला, दुसरा बॉलिंगला. बॉलरने चेंडू सोडला की नेमका त्याच क्षणी बॅटिंगवाला पॉजचं बटण दाबायचा, नेम चुकवायला. तिसऱ्यांदा तसं केल्यावर बॉलरने गेमपॅड वायरसकट फिरवला. भुवईला तीन टाके. ज्या गेममध्ये एकही शस्त्र नाही, त्यात. त्या रात्री मी पाटी लावली, "पॉज दाबल्यास दहा रुपये दंड", आणि त्यानंतर तशी भानगड झाली नाही.

यावरून कुणी म्हणेल, म्हणजे गेममधल्या हिंसेने काही होत नाही. तसं मी म्हणत नाही. संशोधन करणारेही इतकं सरळ म्हणत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१५ मध्ये ठराव केला की हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध दिसतो. २०२० मध्ये त्यांनीच त्याची फोड केली: ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी छोटासा पण पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आहे, मात्र खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या हजारेक ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलगा किती आक्रमक वागतो हे त्यांनी मुलांना न विचारता पालकांना विचारलं, आणि कुठला गेम किती हिंसक हे गेमच्या अधिकृत वयोगटावरून ठरवलं. त्यांना दोन्हीत संबंध सापडला नाही. म्हणजे तुमच्या घरात तुम्ही आणि वहिनी दोघंही थोडे थोडे बरोबर आहात. आपल्याकडे अधूनमधून एखादी भयंकर बातमी येते आणि तिच्यात मोबाईल गेमचं नाव असतं. आई-बापांच्या पोटात गोळा येतो, तो येणारच. पण अशा घरात गेमच्या आधीपासून काय काय चाललं होतं, ते त्या चार ओळींत कधी मावत नाही.

आणि हा वाद काही आजचा नाही. मॉर्टल काँबॅट १९९२ मध्ये आला. खऱ्या नटांचे फोटो वापरून बनवलेली माणसं, शेवटी मुंडकं उडवायचं. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्यावर सुनावण्या झाल्या, आणि १९९४ मध्ये गेमच्या पाकिटावर वयाचा शिक्का मारणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली. त्यातली मजेची गोष्ट अशी की निन्टेन्डो कंपनीने आपल्या मशीनवर रक्ताचा घाम करून टाकला होता, राखाडी रंगाचा. तिची स्पर्धक सेगा, तिच्या मशीनवर एक कोड दाबला की लाल रक्त परत. पोरांनी कुठला घेतला असेल ते सांगायला नको. जवळपास तीस वर्षांनी आपल्याकडे बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, आला तो हिरवं रक्त घेऊन, आणि "मारला" ऐवजी "संपवला" म्हणत. रंग बदलून काय होतं हे मला आजवर उमगलेलं नाही. आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीसकट ११८ ॲपवर बंदी आली तेव्हा कारण हिंसा नव्हतंच, देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती हे होतं. मात्र माझ्या दुकानात आलेली प्रत्येक आई त्या दिवशी म्हणाली, "बरं झालं बाई, मारामारी बंद केली सरकारने."

आमच्या बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तुम्ही पाहिली असेल. वैशाखातली, रात्रभर चालणारी. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला खांद्यावर घेऊन मी रामदेव गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. ट्रॉलीवर अफजलखान वधाचा सजीव देखावा. वाघनखं घुसली, लाल रंगाची पिशवी फुटली, खान कोसळला, लोकांनी आरोळी ठोकली. पोरगा माझ्या केसांना घट्ट धरून बसला होता. मला वाटलं, घाबरला. तेवढ्यात ट्रॉली पुढे सरकली आणि मागच्या बाजूने दिसलं की मेलेला खान आडव्या पडल्या पडल्या प्लास्टिकच्या कपातून चहा पितोय. पोरगा इतका खदखदून हसला की मला त्याला खाली उतरवावं लागलं. त्यानंतर वर्षभर घरात वध चालू होता आणि प्रत्येक वधानंतर मेलेल्या माणसाला चहा मिळत होता. मुलाला हिंसा दाखवली की तो हिंसक होतो, हे खरं असतं तर आमच्या शहरातली चार पिढ्यांची पोरं वाया जायला हवी होती. पण लक्षात घ्या, तो देखावा त्याने माझ्या खांद्यावर बसून पाहिला. मारणारा कोण, मरणारा कोण, का मारतोय, हे त्याला माहीत होतं. आणि देखावा पाच मिनिटांत संपला, दुसरा आला.

आता तुमच्या शेपटाकडे येतो. गेम म्हातारे कधी होतात?

लोकांना वाटतं, ग्राफिक्स जुने झाले की. तसं असतं तर राज्य उभारून लढायचा एज ऑफ एम्पायर्स-२ कधीच मेला असता. १९९९ चा गेम. २०१९ मध्ये नव्याने रंगवून आला, २०२२ मध्ये त्यात हिंदुस्थानातल्या राजवटींची वेगळी भर पडली, आणि माझ्या ओळखीचे दोन बँकवाले आजही शनिवारी रात्री तो खेळतात. त्यातही माणसं मरतात, शेकड्याने मरतात. पण प्रत्येक मेलेल्या भालाईतामागे तुम्ही खर्च केलेलं धान्य आणि लाकूड असतं. तो गेला तर तुम्हाला लागतं. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोराला हा गेम शिकवावा लागत नाही. मावळा कुठे उभा करायचा याचा विचार त्याच्या हातात आधीच असतो.

माझ्या हिशेबाने मालिका म्हातारी होते ती गोळी झाडण्याला कारण उरत नाही तेव्हा. कॉल ऑफ ड्यूटी बघा. २००३ मध्ये आला तो दुसऱ्या महायुद्धावर. २००७ मध्ये त्यांनी युद्ध आजच्या काळात आणलं. त्यात एक प्रसंग आहे: उंचावरच्या विमानातून खाली माणसं पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि तुम्ही ठिपके विझवत जाता. शेजारचा सैनिक थंडपणे शाबासकी देतो. रात्री कॅफे बंद केल्यावर मी तो प्रसंग एकटा खेळलो होतो आणि नंतर बराच वेळ मशीन बंद न करता तसाच बसलो. दोन वर्षांनी पुढच्या भागात विमानतळावरच्या निरपराध लोकांवर अतिरेकी गोळीबार करतात तो प्रसंग आला. तो वगळायची सोय होती, आणि खेळलात तरी तुम्हाला स्वतः गोळी झाडायची सक्ती नव्हती. जगभर बोंब झाली. मला तो प्रसंग आवडला नाही, पण निदान बनवणाऱ्याला काही बोलायचं होतं हे कळत होतं.

त्यानंतर? २००५ पासून दरवर्षी एक याप्रमाणे भाग येत राहिले, आळीपाळीने वेगवेगळ्या स्टुडिओंनी बनवलेले. बंदुका वाढल्या, बंदुकांचे रंग वाढले, रंगांना किंमत लागली. हिंसा वाढली असं मला वाटत नाही. तिचं वजन गेलं. आता माणूस मरतो तेव्हा स्क्रीनवर एक आकडा उडतो आणि तुम्ही पुढच्याकडे वळता. तासाभरात तुम्हाला कंटाळा येतो तो याचाच, भाऊ. तुमचं वय झालं म्हणून नव्हे. तुमचा हात ते काम पंधरा वर्षांपासून करतोय आणि डोक्याला तिथे काही कामच राहिलेलं नाही. विडीच्या कारखान्यात गप्पा मारता मारता बोटं आपोआप वळत राहतात, तसं. निपाणीकराला हे मी वेगळं काय सांगू?

जीटीएची गोष्ट थोडी निराळी. २००१, २००२, २००४ अशा चार वर्षांत त्यांनी तीन मोठे गेम दिले. तिसरा भाग, तुमचा व्हाइस सिटी, मग सॅन अँड्रियास. २००८ ला चौथा. २०१३ ला पाचवा, आणि मग थांबले. तोच पाचवा २०१४ मध्ये पीएस-४ वर, २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर, २०२२ मध्ये पीएस-५ वर पुन्हा विकला. तुमचा मुलगा जन्मला त्याच्या आगेमागे आलेला गेम तो सातवीत गेला तरी दुकानात पुढच्या फळीवरच आहे! सहाव्याचा पहिला ट्रेलर यायलाच २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, जुने तीन गेम एकत्र करून नवी रंगरंगोटी केली, तर चेहरे असे मेणासारखे झाले आणि पाऊस असा दोऱ्यांसारखा पडायला लागला की शेवटी कंपनीला माफी मागावी लागली. म्हातारपण लपवायला कलप लावला आणि तो कपाळावर ओघळला.

आणि तुम्हाला व्हाइस सिटीत नेमकं काय आवडायचं ते आठवून बघा. मी तर मागे उभा असायचो, मी सांगतो. पँझर हा चोरकोड टाइप करायचा, रणगाडा आकाशातून टपकायचा, आणि एका खुर्चीवर दोघं, खुर्चीच्या हातावर तिसरा, असे मिळून तुम्ही पुलावरून समुद्रात जायचात. मिशन कुणी खेळायचंच नाही. गोष्ट काय आहे ते निम्म्या पोरांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही जे खेळलात ती हिंसा होती खरी, पण ती टवाळी होती, चारचौघांत केलेली, वीस रुपयांचा तास संपला की संपणारी. तीच आठवण तुम्ही आता डिस्कमध्ये शोधताय. ती डिस्कमध्ये नव्हतीच.

म्हाताऱ्या होऊनही काही मालिका शहाण्या होतात. गॉड ऑफ वॉर २००५ मध्ये आला तेव्हा त्याचा नायक क्रेटॉस म्हणजे नुसता संताप. एका ठिकाणी तर वाट उघडायला पिंजऱ्यातला जिवंत सैनिक ढकलत नेऊन जाळावा लागायचा. आम्ही तेव्हा तो प्रकार हसत हसत केला, खोटं कशाला बोलू. २०१८ च्या भागात तोच क्रेटॉस दाढी पांढरी होऊ लागलेला बाप आहे. बायको गेली, सोबत लहान मुलगा. सुरुवातीलाच दोघं हरणाच्या शिकारीला जातात. मुलाचा बाण लागतो, हरीण पडतं, पण जीव गेलेला नसतो, आणि पोराचा हात सुरी चालवायला धजत नाही. बाप त्याच्या हातावर आपला हात ठेवतो आणि सुरी आत जाते. माझा मुलगा तेव्हा सोळाचा होता, शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून परत स्क्रीनकडे बघायला लागला. पूर्वीच्या भागांत हजारो मारले त्याचं ओझं त्या एका हरणावर येऊन पडतं. मालिका जुनी नसती तर तो प्रसंग इतका जड झालाच नसता.

आता तुमच्या तीन डिस्क.

जीटीए-५ बाराव्या वर्षी नको. इथे मी वहिनींच्या बाजूने. पाकिटावर १८ लिहिलंय ते कंपनीने हौसेने लिहिलेलं नाही. त्यात एक प्रसंग आहे ज्यात खेळणाऱ्याने स्वतः, आपल्या हाताने, एका माणसाचे हाल करायचे असतात, दात उपटण्यापर्यंत. तो उपरोधाने लिहिलाय हे मोठ्याला कळतं. बारा वर्षांच्या मुलाला उपरोध कळत नाही असं नाही, पण हातात पक्कड दिल्यावर नाही कळत. शिवाय तुम्ही खेळलेल्या व्हाइस सिटीतली माणसं बाहुल्यांसारखी होती, बोटं एकमेकांना चिकटलेली. इथली माणसं माणसांसारखी गयावया करतात. "मी खेळलो, मला काही झालं नाही" हा हिशेब म्हणूनच लागू पडत नाही. नाव एक, गेम वेगळा.

कॉल ऑफ ड्यूटी कुठला भाग आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावर थोडं अवलंबून. काही भागांत रक्त आणि अंगावर येणारे प्रसंग बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते. पण मला त्यातल्या रक्तापेक्षा हेडफोनची भीती जास्त. ऑनलाइन गेलं की पलीकडे कुणीही असतं, आणि ते काय काय बोलतं ते मी इथे लिहू शकत नाही. आमच्या कॅफेत कुणी आईवरून शिवी दिली की मी समोरच्या खोलीतून आवाज टाकायचो आणि पोरगं जीभ चावायचं. हेडफोनमध्ये माझ्यासारखा अण्णा नसतो. तेव्हा ही डिस्कही सध्या माळ्यावर.

गॉड ऑफ वॉरवरही १८ च लिहिलंय, आणि कापाकापी भरपूर आहे. मुलाला एकट्याला देऊ नका. पण तुम्ही खेळा. तो झोपल्यावर खेळा, पूर्ण करा. तुमच्या कंटाळ्यावर मला माहीत असलेलं हेच एक औषध आहे. मग तीन-चार वर्षांनी, मुलगा आणि तुम्ही दोघं तयार असाल तेव्हा, शेजारी घेऊन बसा. ते वय कुठलं हे मी निपाणीत येऊन ठरवू शकत नाही. काही मुलं तेराव्या वर्षी समजूतदार असतात. माझा पुतण्या अठराव्या वर्षीही बटाट्यासारखा होता, आता तो बरा आहे.

मग मुलाने खेळायचं काय? पीएस-४ वर पुष्कळ आहे. इट टेक्स टू नावाचा गेम आहे, २०२१ चा, तो एकट्याला खेळताच येत नाही, दोघंच लागतात. नवरा-बायकोच्या भांडणाची गोष्ट आहे, तेव्हा वहिनींसोबत खेळणार असाल तर स्वतःच्या जबाबदारीवर. पुण्याच्या मुलांनी बनवलेला राजी आहे, २०२० चा. भावाला शोधत निघालेली मुलगी, राक्षसांशी लढाई आणि आपल्या ओळखीच्या देवदेवता. २०१८ चा स्पायडर-मॅन आहे, मारामारी आहे पण जीव घेणं नाही. घरात कॉम्प्युटर असेल तर एज ऑफ एम्पायर्स आहेच.

आणि वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार म्हणून जो आजार आपल्या यादीत घातलाय, (ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली) त्याच्या लक्षणांत रक्त, बंदुका यांचा उल्लेखच नाही. स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. म्हणजे पुन्हा सवयच. माझ्या कॅफेत मला ज्या एका मुलाची खरी काळजी वाटली तो कारच्या शर्यतीचा गेम खेळायचा, एकटा, कुणाशी न बोलता, आणि बापाच्या गल्ल्यातून पैसे आणायचा. मला ते फार उशिरा कळलं. मी वीस-वीसच्या नोटा मोजून घेत होतो, हे मला अजून टोचतं.

तेव्हा बंदूक आहे की नाही हे पहिल्यांदा बघू नका. "आता बंद कर" म्हटल्यावर काय होतं ते बघा. दोन मिनिटं कुरकुर करून उठला तर ठीक. तोंडाने सांगू शकला की आज काय झालं, कोण हरलं, पुढे काय करणार आहे, तर उत्तमच. उठल्यावर सांगण्यासारखं काहीच नसेल, नुसते डोळे लाल, तर मग गेम लुडोचा असला तरी काढून घ्या.

मेहुण्याकडून मशीन आल्यावर त्यात मुलाच्या नावाचं वेगळं खातं काढा. सेटिंगमध्ये फॅमिली मॅनेजमेंट आहे, तिथे वय आणि रोजचा वेळ बांधून देता येतो. पासवर्ड मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, ते दोन दिवसांत ओळखतात. जुना पीएस-४ आहे, तेव्हा पंखा विमानासारखा गरगरत असेल, तर आतली धूळ काढून थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप, बदलून घ्या. निपाणीत कुणीही करून देईल, बेळगावला यायची गरज नाही. मशीन टीव्हीच्या खणात कोंबू नका, मागे चार बोटं जागा सोडा. टीव्ही हॉलमध्येच राहू द्या.

आणि मेहुण्याला आजच फोन करून विचारा, कंट्रोलर किती देतोय. एकच असेल तर पहिला खर्च दुसऱ्या कंट्रोलरचा करा, गेम नंतर घ्या. जुना घेणार असाल तर त्याच्यावरची डावी काडी (जॉयस्टिक) मोकळी सोडून बघा. स्क्रीनवरचा माणूस आपोआप चालायला लागला तर तो घेऊ नका.